अक्षर गिळणारे यंत्र

४ जानेवारी

श्रीयुत मेहुणे यांस,

नमस्कार. आपणा सर्वांची प्रकृती उत्तम असावी.

पत्रास कारण एकच आहे, म्हणून प्रस्तावना लांबवत नाही. आपल्या वर्कशॉपमधील कॉइल गुंडाळण्याच्या यंत्रासाठी माझ्या पत्नीने, म्हणजे आपल्या ताईने, जो कंट्रोलर तयार करून दिला होता, तो आपण काढून ठेवला असून त्या जागी दुसरा बसवला आहे, असे मला तिच्या हयातीतच तिच्याकडून समजले होते. व्यवसायात असे बदल करावे लागतात, हे मी जाणतो. तिने याबद्दल तक्रार केली नव्हती आणि मलाही करावयाची नाही. मात्र जी वस्तू आपणांस आता निरुपयोगी आहे, ती मला परत मिळावी. सोबत तिची पत्र्याची पेटी व संगणकाला जोडण्याची केबलही असावी.

विनंतीमागील हेतूही स्पष्ट करतो. मागे राहिलेल्या माणसाला कपाटात निदान एखादा विणलेला स्वेटर सापडतो. माझ्या पत्नीने आयुष्यभर जे केले, ते इतरांच्या कारखान्यांतील पेट्यांत बंद आहे आणि त्यांवर तिचे नावही नाही. येथे उरला आहे तो जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग करताना पडलेला एक काळा डाग. त्यावर मी वर्षानुवर्षे टेबलमॅट सरकवत आलो. आता मॅट काढून ठेवली आहे.

कंट्रोलर कोणत्या दिवशी न्यावयास यावे, ते कळवावे. वाहनाची व्यवस्था मी करीन.

आपला,
आपल्या ताईचे यजमान

*

१९ जानेवारी

भाऊजी,

साष्टांग नमस्कार. साष्टांग अशासाठी, की तुमचं पत्र वाचून मी आडवाच झालो.

‘श्रीयुत मेहुणे’ कोण, ते आधी मला कळेना. पाकीट चुकून दुसऱ्याचं फोडलं की काय म्हणून वरचा पत्ता पुन्हा वाचला. वीस वर्षं तुम्ही मला ‘अरे खटपट्या’ म्हणत आलात, आणि आता एकदम ‘आपण’? ताई म्हणायची ते खरं. ह्यांचं पत्र आलं की आधी खाली शिक्का शोधावा, परिपत्रक असतं ते.

आता मुद्द्याचं. कंट्रोलरचा बोर्ड मी काढून ठेवला, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ताईनं? भाऊजी, तुमची ऐकण्यात काहीतरी गफलत झाली आहे. हे पत्र मी वर्कशॉपमध्येच बसून लिहितोय. समोर खिडकीखाली मशीन चालू आहे, आमची ही बॉबिन चढवते आहे, आणि भिंतीवर ताईची हिरवी पेटी आहे तशीच आहे. दिवा लुकलुकतोय. दुसरा कंट्रोलर मी बसवलेला नाही. बसवणार कुठून? बाजारात विचारलं तर लोक अख्खं मशीनच बदला म्हणतात.

तेव्हा बोर्ड देता येणार नाही, हे लिहिताना पेन जड होतं. तो काढला की माझं मशीन म्हणजे लोखंडाचं वजन. त्याच्यावरच घर चाललं आहे. तुम्हाला आठवणीसाठी ताईचं काही हवं असेल तर आमच्याकडचे तिचे सगळे फोटो घेऊन जा, तिची लहानपणची चित्रकलेची वही आहे, ती घ्या. पण हे नको.

फोन तुम्ही उचलत नाही. दाराची बेल तरी उचलता का? मी येतो, नाहीतर तुम्ही या.

तुमचा,
खटपट्या

*

२ फेब्रुवारी

श्रीयुत मेहुणे यांस,

आपले पत्र मिळाले. विनोद करण्याची मनःस्थिती माझी नाही. आपली आहे, याचा आनंद आहे.

आपण म्हणता, माझी ऐकण्यात गफलत झाली. म्हणून प्रसंग जसा घडला तसा लिहितो. ऑगस्टमधील एक बुधवार. डॉक्टरांनी तिला दिवसातून एक तास लॅपटॉप वापरण्याची मुभा दिली होती आणि तो तास मी काटेकोरपणे पाळत असे. त्या दुपारी ती आपल्याकडून आलेले काहीतरी वाचत होती. तास संपण्याच्या बऱ्याच आधी तिने लॅपटॉपचे झाकण स्वतःहून मिटले. मला नवल वाटले, कारण एरवी ते मला मिटावे लागे. ती म्हणाली, “त्याच्याकडे आता माझं यंत्र नाही.” मी म्हणालो, “बरे झाले. तेवढाच ताप कमी.” ती “हो” म्हणाली आणि तिने मला पडदा ओढावयास सांगितला.

त्यानंतर तिने लॅपटॉप उघडला नाही. सप्टेंबरात ती गेली.

तिला ताण नको म्हणून मी अधिक विचारपूस केली नाही. परंतु ते वाक्य मी स्वच्छ ऐकले आहे. आता दोन विधाने माझ्यासमोर आहेत. तिचे आणि आपले. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. माणसांच्या बाबतीत ती अनेकदा फसली. यंत्रांच्या बाबतीत एकदाही नाही. कोणते विधान मी खरे मानावे, हे आपणच सांगा.

तिचे यंत्र आपण काढले, ते तिच्यापासून लपवले, आणि आता ते परत देण्यासही आढेवेढे घेत आहात, असाच अर्थ मला लावावा लागतो. महिनाअखेरीस मी टेंपो घेऊन येत आहे.

आपला,
आपल्या ताईचे यजमान

*

२० फेब्रुवारी

भाऊजी,

पाया पडतो. टेंपो निघायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून कुरियरनं पाठवतोय.

ताईनं खरंच असं म्हटलं? मी ते वाक्य आमच्या हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता काही लपवू नका, सगळं लिहा. तर लिहितो. मी लपवलं होतं, हे तुमचं बरोबर आहे. पण काय लपवलं, ते तुम्ही समजलात तसं नाही.

गेल्या वर्षी मी वर्कशॉपमधला जुना कॉम्प्युटर काढून नवा घेतला. मशीनला कमांड कॉम्प्युटरवरून जाते, केबलनं, एकेक अक्षर करत. ‘टी १२००’ म्हणजे तारेचे बाराशे टर्न, म्हणजे वेढे, घाल. मशीन ओळ पूर्ण झाली की काम करतं आणि ‘ओके’ म्हणतं, सोबत एक नंबर देतं. जुना कॉम्प्युटर माझ्यासारखा होता, एक काम झालं की जरा टेकायचा, मग पुढचं. नव्याला दम कसा तो नाही. ‘ओके’ दिसलं रे दिसलं की पुढची कमांड हाणतो. आणि त्या वेळी मशीन आधीच्या कॉइलचा ब्रेक लावत असतं. ब्रेक लावताना त्याला ऐकू येत नाही. तेवढ्यात आलेलं अक्षर ते गिळतं.

नुसता ‘टी’ गिळला तर बरं, मशीन ‘कळलं नाही’ म्हणून गप्प बसतं. पण एकदा बाराशेमधला एक गिळला. दोनशेच टर्न घातले आणि वर ‘ओके’ म्हणालं. वॉर्निश चढल्यावर कळलं. अख्खी खेप वाया.

ताई तेव्हा नुकतीच हॉस्पिटलमध्ये दाखल झाली होती. तुम्हाला तो कॉरिडॉर आठवतो का, पाण्याचं मशीन होतं तो? तुम्ही आम्हा सगळ्यांना तिथं उभं केलंत आणि म्हणालात, “यापुढे तिच्यापर्यंत फक्त चांगल्या बातम्या जातील. कामाची एकही अडचण तिला कुणी सांगायची नाही.” मी मान डोलावली. मला ते पटलंच होतं.

मग मी माझ्या परीनं जुगाड केलं. प्रत्येक कमांडच्या आधी थोड्या रिकाम्या जागा आणि एक रिकामी ओळ टाकली. म्हटलं, तुला गिळायचंच आहे ना, मग हे गिळ. तेव्हापासून आजपर्यंत तसंच चालू आहे.

ताई दर दोन-तीन दिवसांनी फोन करायची. “काय म्हणतंय आपलं यंत्र?” मी म्हणायचो, झक्कास. ती म्हणायची, “झक्कास म्हणजे किती? नवा कॉम्प्युटर घेतलास ना, अक्षरं गाळत नाही ना ते?” बघा, तिला न सांगता अंदाज होता. मी म्हणायचो, अजिबात नाही, तू आराम कर. शेवटी ती म्हणाली, तोंडच्या गप्पा नकोत, मशीनची उत्तरं जशीच्या तशी पाठव, मला बघायची आहेत.

आता जशीच्या तशी कशी पाठवणार? त्यात रिकाम्या ओळी, ‘कळलं नाही’, सगळा पसारा. तिनं एक नजर टाकली असती आणि सलाइन लावलेल्या हातानं लॅपटॉप मागितला असता. म्हणून मी ती यादी साफ केली. चुकीची उत्तरं काढली, रिकाम्या ओळी काढल्या. मग ‘ओके’पुढच्या नंबरांमध्ये खड्डे पडले, तेव्हा नंबरही पहिल्यापासून नीट टाकले. मधेच एका ठिकाणी नंबर पुन्हा शून्यापासून सुरू झालेले होते. वीज गेली असेल तेव्हा, असं समजून तेही सरळ करून टाकलं. अशी गोळीबंद यादी झाली की मलाच कौतुक वाटलं. पाठवून दिली.

तिचं काही उत्तर आलं नाही. त्यानंतर तिनं यंत्राबद्दल विचारलंही नाही. मला वाटलं, समाधान झालं तिचं. मी इतके महिने त्याच समाधानावर आहे.

आणि आता तुम्ही लिहिता की ती यादी वाचून तिनं लॅपटॉप मिटला. भाऊजी, त्या यादीत असं काय होतं? माझ्या डोक्यात काही शिरत नाही. ती तिच्या लॅपटॉपमध्ये असेल. तुम्ही शिकलेसवरलेले आहात, बघा. तुम्हाला कळलं तर मला सांगा, एवढीच विनंती आहे. बोर्ड न्यायचा तर न्या.

तुमचा,
खटपट्या

*

३० मार्च

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद. उत्तरास विलंब झाला. टेंपो आला नाही, यावरून तुला माझा निर्णय कळला असेलच. कंट्रोलर तुझ्या भिंतीवर आहे तेथेच राहू दे. मागील दोन पत्रांतील माझी भाषा मला शोभणारी नव्हती.

मधल्या काळात मी तुझ्या ताईने लिहिलेला प्रोग्राम वाचावयास घेतला. मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले, तेही खडू-फळ्यावर; त्यामुळे प्रारंभी मला त्यातील ओ की ठो कळले नाही. तिच्या जुन्या कंपनीतील एक सहकारी बाई रविवारी येऊ लागल्या. त्या बाई तुझ्या ताईसारख्याच. चहा थंड होतो आणि बोलणे थांबत नाही. त्यांच्यामुळे हळूहळू उलगडा होत गेला.

तुझे निदान अचूक आहे. संगणकाकडून आलेले प्रत्येक अक्षर, केबल जेथे जोडतात त्या सिरियल पोर्टाच्या दाराशी क्षणभरच उभे राहते. यंत्राने हातातले काम तेवढ्यापुरते थांबवून ते उचलून एका रांगेत ठेवायचे असते. रांगेत ओळ पूर्ण झाली की मग आज्ञा समजून घ्यायची. ब्रेक लागताना एकही वेढा मोजण्यातून निसटू नये म्हणून तुझ्या ताईने यंत्राला दाराकडे लक्ष देण्यास मनाई केली होती. त्या वेळी दाराशी आलेल्या अक्षराला पुढच्या अक्षराने ढकलून दिले की ते गेलेच. त्या ओळीपाशी तिने रोमन लिपीत मराठी टीप लिहून ठेवली आहे: “ब्रेक लागताना कान बंद. सध्या असंच. नंतर बघू.”

ते ‘नंतर’ आम्ही पाहिले. आता वेढे मोजण्याचे काम चिपमधील मोजणीयंत्रणा परस्पर करील आणि कान उघडे राहतील. शिवाय प्रत्येक आज्ञेच्या शेवटी एक पडताळणीचा आकडा येईल. एखादे अक्षर वाटेत गळाले तर तो जुळणार नाही आणि यंत्र आज्ञा नाकारील. दोनशे वेढे घालून ‘ओके’ म्हणणे आता घडणार नाही. बदल माझ्या हातचे आहेत. बाईंनी पुष्कळसे तपासले. अखेरच्या रविवारी त्यांना येता आले नाही. अनावश्यक वाटलेल्या एक-दोन तपासण्या मी काढून टाकल्या, आणि उत्तरासोबत येणारा क्रमांक आता पुष्कळ मोठ्या संख्येपर्यंत जाऊ शकतो. ती केवळ एक सोय आहे. नवा प्रोग्राम व तो चढवण्याची कृती सोबत पाठवत आहे. कालांतराने जुनी प्रत पुसून टाकलीस तरी चालेल.

तू पाठवलेल्या यादीविषयी विचारले होतेस. ती मी पाहिली. तीत मला विशेष असे काही आढळले नाही. त्या दिवसांत तुझी ताई फार थकलेली असे, औषधांनी तिच्या विचारांत गोंधळ होई. त्या गोंधळात तिने काहीतरी समजूत करून घेतली असावी. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
भाऊजी

*

१६ एप्रिल

भाऊजी,

नमस्कार. प्रोग्राम चढवला. मशीन फटाफट चालायला लागलं, अक्षर गिळेनासं झालं. रिकाम्या ओळी काढून टाकल्या. आमची ही म्हणाली, यंत्राला कवळी बसवली वाटतं.

पण तुमचं पत्र माझ्या घशाखाली उतरलं नाही. फेब्रुवारीत तुम्ही लिहिलं होतंत, यंत्रांच्या बाबतीत ती एकदाही फसली नाही. मार्चमध्ये लिहिता, औषधांनी तिचा गोंधळ झाला असेल. ताईबद्दल हे तुम्ही लिहावं? मी तिला शेवटपर्यंत फोनवर ऐकलं आहे. दमायची, पण तिचा गोंधळ कधी झाला नाही. तेव्हाच वाटलं, भाऊजी काहीतरी झाकताहेत.

मग तो नंबर. तो मोठा करा, असं मी कधी म्हटलं नव्हतं. तुम्ही विनाकारण एक स्क्रूसुद्धा फिरवणारे नाही. आणि वर जुनी प्रत पुसून टाक म्हणता.

म्हणून काल मी जुना प्रोग्राम परत चढवला. बॉबिन न लावता मोकळंच मशीन ठेवलं आणि एंटर दाबत बसलो. रिकाम्या ओळीलाही ते ‘ओके’ आणि नंबर देतं. आमची ही जेवायला हाका मारत होती. दोनशे चोपन्न आला. दोनशे पंचावन्न आला. पुढच्याला शून्य. वीज गेली नव्हती, भाऊजी. मी समोर बसलो होतो.

रोजच्या कामात माझं त्या नंबराकडे लक्षच नसायचं, ‘ओके’ दिसलं की झालं. पण जिनं मशीनला तो नंबर द्यायला शिकवलं, तिला तो आकडा पाठ असणार. आणि मी तिला पाठवलेल्या यादीत दोनशे छप्पन्न होतं. सत्तावन्न होतं. पार तीनशेच्या पुढे गेलो होतो, सगळं सरळ करत. तिच्या यंत्राला जे कधी म्हणताच येणार नाही, ते मी त्याच्या तोंडी घातलं. मग तिनं काय समजायचं? भावानं माझं यंत्र काढून टाकलं, दुसरं बसवलं, आणि मी आजारी आहे म्हणून माझं मन राखायला खोटी उत्तरं करून पाठवली.

तुम्हाला हे केव्हा कळलं? मार्चचं पत्र लिहायच्या आधी कळलं होतं ना?

मी सांगा म्हटलं होतं, भाऊजी. हात जोडून लिहिलं होतं. ताईला काय झेपेल ते तुम्ही ठरवलंत, मीही ठरवलं. आता मला काय झेपेल तेही तुम्हीच ठरवलंत. मी पन्नाशीला आलो आहे.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहिणार नव्हतो, कारण प्रोग्राम तुम्ही पहिल्यांदाच केलात, तुमच्या मनाला लागेल असं वाटलं. पण आता लिहितो. तुमच्या प्रोग्राममध्ये चूक आहे. परवा हिची पिशवी घसरून कीबोर्डवर पडली, शून्याची कळ दाबून राहिली. ओळ लांबतच गेली. ताईचा प्रोग्राम अशा वेळी ‘ओळ फार लांब’ म्हणून सगळी ओळ फेकून द्यायचा. तुमच्यानं मावलं तेवढं घेतलं, उरलेलं सोडलं, पडताळणीचा आकडाही बघितला नाही, आणि मशीन सुटलं. टर्न थांबेचनात. मी मेन स्विच बंद केला. कुणाला लागलं नाही, तार तेवढी गेली. कालपासून मशीन जुन्या प्रोग्रामवर आणि रिकाम्या ओळींवर आहे.

खटपट्या

*

२१ एप्रिल

प्रिय खटपट्या,

तुझे पत्र काल मिळाले. प्रश्नाचे उत्तर आधी देतो. होय. मार्चच्या दुसऱ्या रविवारी मला कळले.

क्रमांकासाठी तुझ्या ताईने एकच बाइट राखून ठेवला होता. त्यात दोनशे पंचावन्नपेक्षा मोठी संख्या मावत नाही. त्या ओळीपाशी तिची टीप आहे: “मग पुन्हा शून्य. कुणाचं काही बिघडत नाही.” ती टीप बाईंनी हसत हसत वाचून दाखवली. तुझी यादी तेव्हा माझ्यासमोरच होती. त्या गेल्यावर मी यादीतील दोनशे छप्पन्नावर बोट ठेवून बसलो आणि ऑगस्टमधील ती दुपार मला प्रथमच दिसली. त्या दुपारी मी त्या खोलीत होतो, तरीही प्रथमच.

क्रमांक मी मोठा केला, तो तुझ्या यंत्रावर दोनशे पंचावन्ननंतरचे शून्य तुला कधी दिसू नये म्हणून. जुनी प्रत पुसावयास सांगितले, तेही त्याचसाठी. कॉरिडॉरमध्ये जो हुकूम मी सर्वांना दिला, तो मी तुझ्यावरही चालवला, आणि ते माझ्या ध्यानातही आले नाही. मला वाटले, मी तुला सांभाळतो आहे. तिच्या बाबतीतही मला हेच वाटत होते.

तुझ्या ताईच्या विचारांत गोंधळ होत असे, हे वाक्य मी मागे घेतो. आजवर मी लिहिलेल्या वाक्यांत इतके खोटे दुसरे नाही. तिच्यापुढे जो पुरावा होता, त्यावरून दुसरा निष्कर्ष निघत नव्हता. तिचे गणित शेवटपर्यंत बरोबर होते. आपण तिला चुकीची यादी दिली, आणि ‘आपण’ लिहिताना माझे नाव मी आधी घेतो, कारण तुला मी बांधून घातले होते.

मला राहून राहून एकच वाटते. “ताई, तुझे यंत्र अक्षर गिळते,” एवढे जर कोणी तिला सांगितले असते, तर तिने आधी तुला दोन शिव्या घातल्या असत्या, मग उशा पाठीशी लावून घेऊन लॅपटॉप मागितला असता. मी नको म्हटले असते. ती माझ्याशी भांडली असती. कदाचित थकलीही असती. पण तिचे यंत्र तुझ्या भिंतीवर आहे, चालते आहे, चुकते आहे आणि चूक काढावयास तिच्यावाचून कोणी नाही, हे तिला कळले असते. मी तिच्यापर्यंत चांगल्या बातम्यांखेरीज काही जाऊ दिले नाही, आणि हीच तेवढी बातमी तिला हवी होती. हे आता तिला सांगता येत नाही. याचे काय करावे, ते मला कळत नाही, आणि तूही त्यावर काही लिहू नकोस.

तुझ्या पत्राचा अखेरचा परिच्छेद मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला. लांब ओळीची तपासणी मीच काढली. मला ती अनावश्यक वाटली होती. एवढी लांब आज्ञा कोण देणार, असा माझा अध्यापकी हिशोब होता. पिशवी हिशोबात नव्हती. तुझ्या ताईच्या हिशोबात ती होती. काल सायंकाळीच बाईंना बोलावून आम्ही ती तपासणी पुन्हा घातली आहे: ओळ मर्यादेबाहेर गेली की सगळी टाकून द्यावयाची, ओळीच्या शेवटापर्यंत आलेले काहीही ऐकावयाचे नाही, आणि तसे संगणकाला कळवावयाचे. क्रमांकही पुन्हा एका बाइटचा केला आहे.

प्रोग्राम या वेळी टपालाने पाठवत नाही. शनिवारी सकाळच्या बसने मीच घेऊन येतो. ते यंत्र चालताना मी आजवर पाहिलेले नाही. तिने दोनदा बोलावले होते. दोन्ही वेळा परीक्षेच्या उत्तरपत्रिका माझ्याकडून तपासून व्हावयाच्या होत्या. वहिनींना सांग, जेवणाची धांदल नको, आणि त्यांची पिशवी तेवढी कीबोर्डजवळच राहू दे.

प्रोग्राम तुझ्यासमोर चढवू. तू तुझ्या पद्धतीने हवे तसे पिळून घे, वेडेवाकडे काहीही टाइप कर, केबल मधेच ओढ. आणि नीट चालले नाही, तर तसे मला तोंडावर सांग. मी खचणार नाही. खचलो, तरी सांग.

तुझा,
भाऊजी